पहिलंच किट आणि तेही रॅलीची पजेरो? मग धुळीपासून सुरुवात कर

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की मामांनी जपानहून येताना टामिया ह्या जपानी कंपनीचं १/२४ स्केलचं (म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढं) पजेरो रॅलीचं किट आणलंय, आयुष्यातलं पहिलंच प्लास्टिक किट आहे, घर सोलापुरात अशोक चौकाकडं, एअरब्रश (रंग फवारायचं छोटं यंत्र) नाही, आणि तुला गाडी शोरूममधली नको तर वाळवंटातनं आल्यासारखी धुळीनं माखलेली पाहिजे. शिवाय जाता जाता रॅलीची जिप्सी बनवता येईल का तेपण विचारलंयस. सगळं सांगतो, लांबेल जरा, चहा घेऊन बस.

मी मूळचा डेंटिंग-पेंटिंगवाला. वीसेक वर्षं होटगी रोडकडं गॅरेजात खऱ्या गाड्यांना लांबी (पुटी) भरली, रबिंग केलं, रंग मारले, आणि रात्री घरी येऊन ह्या छोट्या गाड्या. बायको म्हणायची दिवसभर तेच आणि रात्रीपण तेच, पण दोन्हीत फरक लई आहे. गॅरेजात गाडी आली की धूळ काढायची असते, इथं मुद्दाम लावायची असते, आणि लावणं जास्त अवघड. धूळ लागते सगळ्यात शेवटी, पण ती कुठं बसणार आणि कुठं बसणार नाही हे डबा उघडायच्या आधी ठरवावं लागतं. नवीन पोरं नेमकं उलटं करतात, गाडी पूर्ण जोडतात, मग ब्रश घेऊन सगळीकडं सारखी पिवळी माती फासतात, आणि गाडी वाळवंटातनं आल्यासारखी दिसायच्या ऐवजी बेसनात लोळल्यासारखी दिसते.

म्हणून पहिलं काम किटचं नाहीच. एखाद्या संध्याकाळी एसटी स्टँडवर जा आणि खेड्यातनं आलेल्या बसचा मागचा भाग बघ. तोंडापेक्षा पाठ जास्त मळलेली असते. गाडी पळते तेव्हा तिच्या पाठीमागं हवेची पोकळी तयार होते आणि चाकांनी उडवलेली धूळ त्या पोकळीत ओढली जाऊन मागच्या पत्र्यावर, काचेवर बसते, म्हणून तर पोरं मागच्याच काचेवर बोटानं नावं लिहितात. मंगळवेढ्याकडनं किंवा अक्कलकोटकडनं येणारी एखादी जीप सापडली तर अजून बरं. दाराच्या हँडलभोवती तळहाताएवढा भाग स्वच्छ असतो कारण तिथं दिवसभर हात लागतात, पायरीचा मधला भाग चपलांनी घासून चकचकीत, पुढच्या काचेवर वायपरचे दोन पंखे साफ आणि त्यांच्या बाहेरचा कोपरा पूर्ण मातीचा, डिझेलच्या झाकणाखाली एक काळपट ओघळ आणि त्यावर चिकटलेली जास्तीची धूळ. मडगार्डच्या आतली माती वेगळी, ती जाड, थराची. पंधरा-वीस फोटो काढ मोबाईलवर. डाकार रॅलीच्या गाड्यांचे फोटो नेटवर ढीगभर आहेत, तेपण बघ, पण ते बहुतेक उडी मारताना नाहीतर धुरळ्यात असतात, पत्रा नीट दिसत नाही. आपल्या रस्त्यावरची गाडी जवळ जाऊन बघता येते.

मात्र माती आपली वापरू नकोस. ही चूक मी केलीय. दुसऱ्या की तिसऱ्या मॉडेलला मोठ्या हौसेनं शेतातली काळी माती आणली, तव्यावर भाजली, जुन्या धोतराच्या फडक्यातनं चाळली आणि फेव्हिकॉलच्या पाण्यानं चाकांच्या वर लावली. वाळल्यावर बघतो तर गाडी डांबरात फसल्यासारखी. एक तर आपली रेगूर माती, ओली झाली की आणखी काळी पडते आणि चिकटवल्यावर तशीच ओली दिसत राहते. दुसरं म्हणजे स्केल. वस्त्रगाळ केलेल्या मातीतला ०.२ मिलिमीटरचा कण १/२४ मधे जवळपास ५ मिलिमीटरचा खडा होतो. म्हणजे माझ्या गाडीवर धूळ नव्हती, खडी होती.

आता रॅलीची थोडी माहिती, कारण धुळीचा रंग त्यावर ठरतो. पॅरिस-डाकार थिअरी साबीन नावाच्या फ्रेंच माणसानं सुरू केली, पहिली रॅली २६ डिसेंबर १९७८ ला पॅरिसहून सुटली. ती आफ्रिकेत होती २००७ पर्यंत, २००८ ची सुरक्षेच्या कारणानं रद्द झाली, २००९ पासून दक्षिण अमेरिकेत आणि २०२० पासून सौदी अरेबियात. पजेरोनं ती एकूण १२ वेळा जिंकली, पहिल्यांदा १९८५ ला आणि शेवटची सात तर २००१ ते २००७ सलग. २००१ ला युटा क्लाइनश्मिट जिंकली, ही रॅली जिंकणारी पहिली बाई, आणि गाडी पजेरोच. (आपल्याकडं पजेरो म्हटलं की पुढाऱ्याची पांढरी गाडी आणि मागं चार कार्यकर्ते एवढंच डोळ्यासमोर येतं, ती बिचारी काय काय करून आलीय कुणाला माहीत नसतं.) आता तुझ्या डब्यावर आणि डेकल शीटवर (स्टिकरच्या कागदावर) कुठलं साल आहे ते बघ. १९९२ असेल तर गंमत अशी की त्या वर्षी रॅली डाकारला गेलीच नाही, पॅरिसहून निघून पार केपटाऊनला संपली आणि उबेर ओरियोल पजेरो घेऊन जिंकला. म्हणजे एकाच गाडीवर वाळवंटाची फिकट वाळू आणि खाली मध्य आफ्रिकेतली तांबडी माती, दोन्ही थर चालतात, तांबडी खालच्या अंगाला आणि फिकट वर. सौदीची गाडी असती तर हे चाललं नसतं.

आता जोडणी. ह्यावर मी फार वेळ घालवणार नाही कारण टामियाचं मॅन्युअल चित्रांचं असतं आणि भाग नीट बसतात. भाग ज्यांना जोडलेले येतात त्या सगळ्या प्लास्टिकच्या फ्रेमा भांडी घासायच्या लिक्विडनं कोमट पाण्यात धुवून घे, साच्यातनं काढताना लागलेलं तेल राहिलं तर रंग सुटतो. भाग फ्रेममधनं पिरगाळून तोडायचा नाही, निपरनं थोडा लांबनं कापायचा आणि उरलेलं बुटुक ब्लेडनं, मग ६०० च्या वॉटर पेपरनं. चिकटवायला पातळ सिमेंट (प्लास्टिक किटचा ग्लू) घे, टामियाचं हिरव्या झाकणाचं मिळतं ते. ते डिंकासारखं लावायचं नाही, दोन भाग एकत्र धरून जोडावर ब्रश टेकवला की स्वतःच आत ओढलं जातं आणि प्लास्टिक विरघळून एकजीव होतं. काचांना मात्र हे नाही आणि इन्स्टंट ग्लू तर अजिबात नाही, त्याच्या वाफेनं काच पांढरी धुरकट होते आणि ती परत आणणं डोकेदुखी. काचेला आणि हेडलाइटच्या भिंगाला साधा फेव्हिकॉल, टूथपिकच्या टोकानं, वाळला की पारदर्शक. बाहेर आला तर ओल्या कापसानं पुसून टाक.

रंगाचं मात्र मन लावून वाच. गॅरेजात काम करत असल्यामुळं मला वाटायचं रंगातलं आपल्याला कोण शिकवणार, म्हणून माझ्या पहिल्या किटला, ती एक साधी जीप होती, मी सरळ गाडीचा एनसी पेंट एनसी थिनरमधे पातळ करून मारला. पाच मिनिटांत बॉनेटवर सुरकुत्या, दाराच्या कडा मऊ, पत्र्यावरच्या बारीक रेघा गायब. ह्या मॉडेलचं प्लास्टिक पॉलिस्टायरीन असतं आणि आपल्या गॅरेजचा थिनर त्याला खाऊन टाकतो. तेव्हा हार्डवेअरच्या दुकानातला स्वस्त स्प्रे कॅन घ्यायचा मोह झाला तर आधी एखाद्या फ्रेमच्या तुकड्यावर मारून बघ. एअरब्रश नसला तरी चालतंय की, टामियाचे टीएस सिरीजचे कॅन ह्याच प्लास्टिकसाठी आहेत. पीएस लिहिलेले घेऊ नकोस, ते रिमोटच्या गाड्यांच्या पॉलिकार्बोनेट बॉडीचे.

आणि जाडी. खऱ्या गाडीवर प्रायमरपासून (अस्तराचा रंग) क्लिअरपर्यंत (वरचा पारदर्शक थर) सगळा रंग मिळून ०.१ मिलिमीटरच्या आसपास असतो. तेवढाच थर तू मॉडेलवर चढवलास तर स्केलप्रमाणं तो २.४ मिलिमीटर झाला, म्हणजे आम्ही ठोकलेल्या दारावर लांबी भरतो तेवढा. म्हणून एका दमात ओला थर मारायचा नाही. पहिला हात नुसता धुक्यासारखा, खालचा प्रायमर दिसत राहिला पाहिजे, दहा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा जरा ओलसर. कॅन गाडीच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच बंद करायचा, वीसेक सेंटिमीटरवरनं. प्रायमरनंतर दारांच्या रेघा बुजतायत असं वाटलं तर सुईनं हलकेच मोकळ्या कर, रंगानंतर ते जमत नाही.

आपल्या गावात रंगाचा खरा वैरी म्हणजे ऊन आणि तूस. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीला दुपारी कॅन मारलास तर रंग गाडीपर्यंत पोचायच्या आत हवेतच वाळतो आणि पत्र्यावर पावडर बसल्यासारखा खरबरीत होतो. सकाळी सहा ते आठ ही वेळ धर. कॅन उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नकोस, फुटतो. पावसाळ्यात उलटं, हवेत दमटपणा असेल तर क्लिअर पांढुरका होतो, आम्ही त्याला ब्लशिंग म्हणतो, त्या दिवशी नुसतं जोडकाम कर. आणि तुझ्या भागात पॉवरलूम आहेत म्हणजे हवेत कापसाचं तूस असणारच, डोळ्याला दिसत नाही पण ओल्या रंगावर बरोबर येऊन बसतं आणि १/२४ मधे ते दोरखंड दिसतं. मोरीत जाऊन मार, आधी फरशीवर आणि भिंतीवर पाणी शिंपड, पंखा बंद, होजिअरीचा बनियन न घालता बस, आणि मारून झालं की लगेच वरनं मोठं पातेलं पालथं घाल. हसू येईल, पण आमच्या घरातलं भाताचं पातेलं कायमचं ह्या कामाला गेलंय.

डेकल म्हणजे ते पाण्यात भिजवून लावायचे स्टिकर, रॅलीच्या गाडीवर ते लई असतात, नंबर, स्पॉन्सर, ड्रायव्हरची नावं. ते कधीही मॅट रंगावर लावू नकोस, खाली हवा अडकून चंदेरी चट्टे दिसतात. आधी ग्लॉस क्लिअर, दोन दिवस वाळू दे, मग डेकल. पाणी बोअरचं किंवा नळाचं वापरलंस तर आपल्याकडच्या क्षारांमुळं वाळल्यावर कडेनं पांढरी रेघ उमटते, ती मी आठवडाभर डिंकाची समजून पुसत होतो. बॅटरीचं पाणी आण, पेट्रोल पंपावर मिळतं, ते डिस्टिल्ड असतं. वीस-तीस सेकंद बुडवून बाहेर टिश्यूवर ठेव, आपोआप सुटलं की ओल्या ब्रशनं सरकवून जागेवर ने, बोटानं ओढायचं नाही. दाराच्या रेघेवरनं किंवा बिजागरीवरनं जाणारा डेकल असेल तर वरनं सॉफ्टनर (डेकल मऊ करायचं द्रव) लाव, तो आधी आक्रसतो, सुरकुततो, घाबरून हात लावलास की संपलं, अर्ध्या तासात स्वतःच खाली बसतो. नंतरचा क्लिअरपण पहिल्यांदा धुक्यासारखाच, जाड ओला मारला तर डेकल विरघळतो.

आत काय दाखवायचं तेपण ठरव. काचा धुळकट असणार म्हणून आतलं कुणाला दिसत नाही असं समजू नकोस, वायपरनं साफ केलेल्या पंख्यातनं नेमका डॅशबोर्डच दिसतो. सीटबेल्ट किटमधे बहुतेक डेकलचे किंवा सीटवरच कोरलेले असतात, ते सपाट दिसतात. राखीच्या किंवा गिफ्टच्या पातळ रिबीनीची २ मिलिमीटरची पट्टी काप, खरा पट्टा ५ सेंटिमीटरचा म्हणजे बरोबर तेवढीच. शेजारच्या सीटपुढं रोडबुकची कागदी गुंडाळी पाहिजे, को-ड्रायव्हर सगळा रस्ता त्यावरनं वाचतो. १९९२ ची गाडी असेल तर डॅशवर एक छोटा डबापण लाव, डाकारमधे जीपीएस पहिल्यांदा त्याच वर्षी आलं. मागं बांधायच्या दोऱ्याला टॉवेलच्या लूमचं उरलेलं सूत छान, तुझ्या गल्लीत फुकट मिळेल, पण त्याचे केस उभे राहतात म्हणून मेणबत्तीवर दोनदा ओढून घे.

टायर रबराचे असतील तर मधल्या साच्याची रेघ ४०० च्या पेपरनं घासून काढ, चमकपण जाते. वाळूत जाताना ड्रायव्हर टायरमधली हवा निम्म्यापर्यंत उतरवतात म्हणजे टायर पसरतो आणि गाडी रुतत नाही. गाडी वाळूच्या पाटावर ठेवणार असशील तर टायर खालनं किंचित चपटा दिसला पाहिजे, आतनं टिश्यू कमी भरून दाब. आणि एक, वाळूत पळालेल्या टायरची जमिनीला लागणारी बाजू घासून स्वच्छ काळी असते, धूळ असते ती बाजूच्या भिंतीवर आणि खाचांत. सगळा टायर पिवळा करणारे लोक मला लगेच ओळखू येतात.

आता धूळ. चाकं, मडफ्लॅप, वायपर, आरसे अजून लावलेले नाहीत, बॉडी डेकल आणि क्लिअरसकट तयार आहे, अशा वेळी सुरू करायचं. आधी कॅमलिनच्या ऑइल कलरची बर्न्ट अंबरची ट्यूब, वाटाण्याएवढा रंग भरपूर टर्पेंटाइनमधे पातळ करून दारांच्या रेघांत सोड, जास्तीचा कापसाच्या काडीनं वरनं खाली पुस. दुसऱ्या दिवशी पुढच्या काचेचं काम. वायपरचा भाग हातात घे, त्याचा खुंटा जिथं बसतो त्या भोकावर कंपासचं टोक धर आणि पात्याच्या लांबीएवढी त्रिज्या घेऊन मास्किंग टेपवर पंखा आख, आतल्या बाजूनंपण एक छोटा गोल येतो कारण पातं खुंट्यापासनं सुरू होत नाही, थोडं पुढनं होतं. तो पंखा कापून काचेवर चिकटव, नखानं कडा दाब. मग पूर्ण बॉडीवर मॅट क्लिअरचा एकच हलका हात, काचेवरपण. त्यानं खडबडीतपणा येतो आणि पावडर धरते.

पावडर विकत घ्यायची गरज नाही. नवी पेठेत स्टेशनरीत सॉफ्ट पेस्टलचे खडू मिळतात, तेलकट ऑइल पेस्टल नको, कोरडे. पिवळसर माती, फिकट राखाडी आणि तांबूस असे तीन घे, वॉटर पेपरवर घासून वेगवेगळ्या झाकणांत पावडर कर. एकच रंग कधीच लावायचा नाही. मेकअपच्या जुन्या मऊ ब्रशनं पाठीमागच्या दारापासून सुरुवात, तिथं सगळ्यात जास्त, मग मागच्या चाकांच्या मागं, मग पुढच्या चाकापासून दाराकडं तिरकी वर जाणारी फवाऱ्यासारखी, मग छताच्या कडा, आणि बॉनेटवर सगळ्यात कमी कारण तिथनं वारं झाडून नेतं. मडगार्डच्या आत जाड थर पाहिजे असेल तर पावडर टर्पेंटाइनमधे कालवून ब्रशनं ठेवून दे. ओलं असताना ते गडद दिसतं, घाबरू नकोस, वाळल्यावर फिकटतं, मी अजूनही दर वेळी घाबरतो. हँडलभोवती स्वच्छ करायला ब्रश नको, कोरडं बोटच फिरव, खऱ्या गाडीवर बोटानंच होतं ते. सगळ्यात शेवटी काचेवरचा टेप चिमट्यानं सोड. तो पंखा उघडा पडतो तेव्हा गाडी पहिल्यांदा चालल्यासारखी वाटते, त्यासाठी मी कुणालातरी बोलावून घेतो बघायला, बहुतेक बायकोच असते आणि ती म्हणते पुसून टाका ती माती. वरनं परत क्लिअर मारू नकोस, निम्मी धूळ गायब होते, त्यापेक्षा ॲक्रिलिकच्या डबीत ठेव आणि हात लावू देऊ नकोस. चाकं, आरसे, फ्लॅप ह्यानंतर लावायचे, त्यांची धूळ वेगळी करून.

किटचे मडफ्लॅप प्लास्टिकचे १ मिलिमीटरचे असतील तर ते खऱ्यात अडीच सेंटिमीटरची फळी झाली. काळ्या फुग्याचे तुकडे लाव, लोंबतात पण छान.

आता जिप्सी. रेड द हिमालया १९९९ ला सुरू झाली तेव्हापासून आपल्या रॅल्यांत जिप्सीच जिप्सी, त्यामुळं तुझी इच्छा बरोबर आहे, पण जिप्सीचं प्लास्टिक किट बाजारात दिसत नाही. फुजिमीचं १/२४ चं जिम्नी १३०० चं किट आहे, तिची चुलत बहीणच, फक्त जिम्नीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २०३० मिलिमीटर आणि जिप्सीचा २३७५. फरक ३४५, म्हणजे मॉडेलमधे १४.४ मिलिमीटर. तेवढी लांबी दाराच्या मागं वाढवावी लागते, बॉडी आणि चासी दोन्ही आरीनं आडवी कापून मधे प्लास्टिक शीटचा तुकडा, मग पुटी, मग रबिंग, थोडक्यात माझं गॅरेजचं काम. पहिल्या किटनंतर लगेच करू नकोस, मधे एखादं साधं किट कर. पजेरो झाली की फोटो पाठव, पण समोरचा नको, मागच्या दाराचा.